चिंतेची वीणा एकाच्याच गळ्यात नको

तुकोबारायांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी करीत इंदापुरास येते, तेव्हा पावसाअभावी पेरणी खोळंबलेली असली तरी वारकऱ्यांसाठी घरोघरी चुली पेटतात. १९७२ चा दुष्काळ सोसलेला हा मुलूख आहे. महामारीमुळे २०२० व २०२१ साली पादुका बसने पंढरीस गेल्या, तेव्हा सुनी पडलेली वाटही त्याने पाहिली.

तुकोबांचा संसारही १६३० च्या सुमारास दुष्काळाने मोडला. पत्नी गेली, पुत्र गेला, व्यापार बुडाला. ते दुःख त्यांनी मनात कोंडले नाही. ते विठ्ठलाशी बोलले, भांडलेसुद्धा.

कोंडलेली चिंता देह पोखरते. झोप उडते, रक्तदाब चढतो, मधुमेह बळावतो. कर्जापायी अबोल झालेला घरधनी, सर्वांना वाढून स्वतः अर्धपोटी राहणारी गृहिणी, यांचे दुखणे दैवावर सोडणे ही भक्ती नव्हे.

हरिनाम सप्ताहात वीणा भुईवर टेकवीत नाहीत. एक थकला की दुसरा ती गळ्यात घेतो. घरातील काळजीचेही तसेच व्हावे. नामस्मरणाने मन निवते; परंतु चालू औषध सोडू नये, आजाऱ्याने उपवास डॉक्टरांस विचारूनच करावा. मन फारच खचले तर शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

आज देवापुढे हात जोडून झाले की घरातील अबोल माणसाजवळ घटकाभर बसावे, एवढीच आमची विनंती.