थांबणारी गाडी

वाफेचे इंजिन रुळांवरून गेले त्याला आता एक पिढी लोटली. ब्रॉडगेजवरील वाफेची शेवटची नियमित गाडी 6 डिसेंबर 1995 रोजी पंजाबात फिरोजपूर आणि जालंधर यांच्या दरम्यान धावली; चित्तरंजनच्या कारखान्याने तर अशी इंजिने बांधण्याचे काम 1972 मध्येच संपविले होते. तरीही आगगाडीचा विषय निघाला की, आपल्याकडील मध्यमवर्गीय मन आजही धुराच्या लोटाकडे, लांबलचक शिट्टीकडे आणि डोळ्यांत गेलेल्या कोळशाच्या कणीकडे वळते. या स्मरणात बोरीबंदरचे घुमट असतात, खंडाळ्याचे बोगदे असतात, मामाच्या गावचा फलाटही असतो. त्यात गैर काही नाही. मात्र आठवणीतला गोडवा नेमका कशाचा, हे सहसा कोणी तपासत नाही.

ते तपासण्यासाठी बोरीबंदरपेक्षा मैंदर्गी अधिक उपयोगी ठरेल. सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील, घरी कानडी आणि कचेरीत मराठी बोलणाऱ्या या गावाला स्वतःचे रेल्वे स्थानक कधीच मिळाले नाही. मैंदर्गीच्या माणसासाठी रेल्वे म्हणजे नागणसूर, बोरोटी, दुधनी किंवा अक्कलकोट रोड. यातले शेवटचे नाव बोलके आहे. ज्या स्थानकाच्या नावापुढे ‘रोड’ लागते, तेथे रूळ गावापर्यंत गेलेले नाहीत, गावाकडे जाणारी सडक तेवढी तेथून फुटते, असा त्याचा अर्थ. अक्कलकोट शहर आपल्या स्थानकापासून दहा-अकरा किलोमीटर दूर आहे. गाणगापूर रोडची कथा तीच. कुर्डुवाडीचे जुने नावही ‘बार्शी रोड’ हेच होते. मैंदर्गीच्या वाट्याला तेवढी शेपटाची प्रतिष्ठाही आली नाही.

असे का झाले, याचे उत्तर भूगोलात आहे तसे हिशेबातही आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेला 1849 च्या करारान्वये भांडवलावर शेकडा 5 टक्के व्याजाची हमी मिळाली होती. मुंबईहून निघालेला मार्ग 1860 मध्ये सोलापूरला पोहोचला आणि 1871 मध्ये रायचूर येथे मद्रासकडून आलेल्या मार्गाला मिळाला. दोन बंदरे जोडणे, कापूस बंदराकडे नेणे आणि लष्कर हलविणे ही त्याची उद्दिष्टे. वाटेतल्या गावांची सोय हा त्यातील आनुषंगिक लाभ. बार्शीसारख्या कापसाच्या पेठेलाही मुख्य मार्गाने वगळले. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे उभारली आणि 1897 मध्ये बार्शीला गाडी आली. पुढे हीच चिमुकली गाडी पंढरपूर, लातूर आणि 1927 मध्ये मिरजेपर्यंत गेली. पंढरीच्या कित्येक पिढ्यांच्या वारकऱ्यांनी आगगाडी म्हणून ओळखली ती हीच.

असे असूनही वाफेच्या काळात आडवाटेच्या गावांना रेल्वे आपली वाटली. याचे कारण कंपनीच्या औदार्यात नव्हते, तर इंजिनाच्या तहानेत होते. कोळशातील उष्णतेच्या शंभर भागांपैकी सहा-सात भागच ज्याच्या चाकांपर्यंत पोहोचत, असे हे उधळे यंत्र. मागच्या टेंडरमध्ये पंचवीस हजार लिटरच्या आसपास पाणी भरले, तरी ठरावीक अंतर कापल्यावर त्याला पुन्हा पाणी हवेच असे. राख काढावी लागे, आग नीट करावी लागे. त्यात सोलापूरच्या पुढचा मार्ग एकेरी. समोरून येणारी गाडी लहानशा स्थानकात बाजूला घेतल्याखेरीज पुढे जाता येत नसे. टोकनचे कडे हाती पडल्याशिवाय ड्रायव्हरला पुढच्या टप्प्यात शिरण्याची मुभा नसे आणि ते घेण्यासाठी मेललाही वेग कमी करावा लागे. प्रत्येक स्थानकावर पाण्याचा नळ नव्हता हे खरे. पण प्रत्येक स्थानकावर माणूस होता, दिवा होता, टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर पडणारा घंटेचा टोल होता. गाडी थांबणे ही कोणाची मेहेरबानी नव्हती. यंत्राची ती गरज होती, आणि त्या गरजेच्या आश्रयाने गावाचीही गरज भागत होती.

थांब्याभोवती एक छोटेसे अर्थकारण उभे राही. गाडीची वेळ झाली की टांगे आणि छकडे लागत, चहाची किटली फिरे, भुईमुगाच्या शेंगा विकणारी बाई खिडकी-खिडकीपाशी जाई. स्वामी समर्थांच्या दर्शनाला निघालेले भाविक अक्कलकोट रोडला उतरत, त्यावर टांगेवाल्यांची घरे चालत. दुधनीची पेठ तुरीसाठी नावाजली, त्यात तिच्या स्थानकाचा वाटा मोठा. सोलापुरात 1877 मध्ये जुनी गिरणी सुरू झाली आणि पुढे गिरण्यांचे शहर म्हणून ते वाढले, तेही रुळांच्या आधारानेच. मजूर, बाजारकरी, कोर्टकचेरीची माणसे, शहरात शिकणारी मुले, या सर्वांना मिळून जी गाडी होती तिचे नाव पॅसेंजर. ती उशिरा येई, रेंगाळे, पण येई.

म्हणून त्या काळाची आरती ओवाळावी असे मात्र नाही. फलाटावरून जे दृश्य रम्य वाटे, ते इंजिनाच्या पाटावर उभे राहून भट्टीत फावड्याने कोळसा लोटणाऱ्या फायरमनला तसे वाटत नव्हते. सोलापूरचा वैशाख बाहेर आणि भट्टी समोर, अशा स्थितीत कामाच्या तासांना धरबंध नसे. दहा तासांच्या पाळीसाठी इंजिन कर्मचाऱ्यांना 1973 मध्ये संप करावा लागला आणि मे 1974 च्या देशव्यापी संपात लाखो रेल्वे कामगार उतरले, तेव्हा हा प्रश्नही त्यांच्या मागण्यांत होता. शिवाय ज्या जिल्ह्यात दुष्काळ वरचेवर मुक्कामाला येतो, तेथे पाणी पिणारे इंजिन ही चैनच म्हणायची. डिझेल आले, पुढे वीज आली, हे योग्यच झाले. वाफ परत आणा, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

प्रश्न उरतो तो थांब्याचा. दौंड ते वाडी हा मार्ग 2022 पर्यंत दुहेरी आणि विद्युत झाला. आता इंजिनाला पाणी नको, क्रॉसिंगसाठी ताटकळणे नको, टोकनचे कडे नको. यंत्राला थांबण्याचे कारणच राहिले नाही. माणसाला चढण्याउतरण्याचे कारण मात्र पूर्वीइतकेच आहे. मार्च 2020 मध्ये महामारीमुळे देशभरातील गाड्या बंद झाल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा अनेक पॅसेंजर गाड्या एक्सप्रेस म्हणून आल्या, अनेक लहान थांबे गळाले आणि साध्या दुसऱ्या वर्गाचे जुने भाडे परत लागू व्हायला फेब्रुवारी 2024 उजाडला. दरम्यानच्या काळात ज्यांना परवडले त्यांनी मोटारसायकल घेतली, उरलेले एस. टी. च्या वाटेकडे डोळे लावून बसले.

थांबा द्यावा की नाही, हे ठरविताना त्या स्थानकावर किती तिकिटे विकली जातात हे पाहिले जाते. वरवर हा हिशेब निर्दोष दिसतो. पण गाडी गैरसोयीच्या वेळी आली तर तिकिटे खपणार कशी? आणि न खपलेल्या तिकिटांचा पुरावा पुढे करून पुन्हा थांबाच काढला, तर दोष प्रवाशाचा की वेळापत्रकाचा? सोलापूरच्या महाविद्यालयात सकाळच्या तासाला पोहोचणाऱ्या मुलीचा पास रेल्वेच्या जमेच्या बाजूला क्षुल्लक दिसेल. पण तो पास नसल्यामुळे तिचे शिक्षण बारावीनंतर थांबले, तर त्याची नोंद कोणत्या खात्यावर करायची? सामाजिक सेवेचे दायित्व म्हणून तोट्याची रक्कम दाखविण्याची पद्धत रेल्वेच्या हिशेबात जुनी आहे. तेव्हा ही कल्पना तिला परकी नाही.

दरम्यान स्मरणरंजनावर खर्च होतो आहे. ठिकठिकाणी मोठ्या स्थानकांसमोर वाफेची जुनी इंजिने रंग देऊन चौथऱ्यावर चढविली आहेत. ऑगस्ट 2023 मध्ये देशातील 508 स्थानकांच्या पुनर्विकासाची पायाभरणी एकाच दिवशी झाली. जुन्या इंजिनांचे जतन व्हावे, स्थानके देखणी व्हावीत, याला विरोध करण्याचे कारण नाही. बोरीबंदरला 2004 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याचा आनंद मैंदर्गीलाही आहेच. परंतु नव्या छताखाली उभ्या असलेल्या माणसासमोरून गाडी न थांबता निघून जाणार असेल, तर त्या छताचा उपयोग सावलीपुरताच.

या पट्ट्याची मागणी मोठी नाही. कचेऱ्या आणि महाविद्यालये उघडण्यापूर्वी सोलापूरला पोहोचणारी एक गाडी आणि संध्याकाळी त्याच मार्गाने परत आणणारी एक गाडी. दोन्ही लहान स्थानकांवर थांबणाऱ्या, साध्या भाड्याच्या. त्या निदान दोन वर्षे वेळेवर चालवाव्यात आणि मग खुशाल तिकिटे मोजावीत.