उरलेला पाचवा हिस्सा

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांत वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडत असूनही चैत्र-वैशाखात तेथील पाड्यांवर टँकरची प्रतीक्षा चालते, आणि त्याच मुलखातील जमीन बुडवून उभ्या राहिलेल्या तानसा, भातसा व बारवी या जलाशयांतील पाणी मात्र मुंबई, ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या परिसरास पुरविले जाते, या विसंगतीचा आपणा शहरवासीयांस आता विस्मयही वाटेनासा झाला आहे. तानसा धरण १८९२ साली पुरे झाले. तेव्हापासूनची ही सवय.

शेतकऱ्याने पाणी जपून वापरावे म्हणून सरकार द्रव्यसाहाय्य करते, हे खरे. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकास ठिबक किंवा तुषार संचाकरिता ५५ टक्के आणि इतर खातेदारांस ४५ टक्के अनुदान मिळते. त्यात राज्याने पुरवणी घालून हे प्रमाण अनुक्रमे ८० व ७५ टक्क्यांवर नेले आहे. पण ही टक्केवारी सरकारने ठरविलेल्या खर्चमर्यादेवर मोजली जाते, आणि रक्कम हाती येते ती सातबारा जोडून, पूर्वसंमती घेऊन, संच स्वतःच्या पैशाने बसवून, मोका तपासणी उरकल्यानंतर. इंग्रजी अमलात १८८३ च्या कायद्याखाली मिळणारी तगाई व्याजासह फेडावी लागे, त्या मानाने अनुदान निःसंशय उदार. मात्र तगाई कामाआधी मिळे, आणि वीस-पंचवीस गुंठ्यांच्या धन्याला नेमका त्या 'आधी'चाच आधार हवा असतो.

शिवाय भात कापून झाल्यावर भेंडी किंवा काकडी लावणाऱ्या शहापूर-मुरबाडच्या शेतकऱ्याची विहीर फाल्गुनातच तळ गाठत असेल, तर उत्तमोत्तम ठिबक संचही तिच्यात पाणी आणू शकत नाही. त्याकरिता पावसाळा ओसरताच ओढ्यावर मातीने भरलेल्या सिमेंटच्या रिकाम्या गोण्या रचून गावकरी श्रमदानाने घालतात ते वनराई बंधारेच उपयोगी. ते दर पावसाळ्यात वाहून जातात आणि दर वर्षी नव्याने घालावे लागतात, म्हणूनच कदाचित उद्घाटनप्रिय मंडळींस ते फारसे रुचत नाहीत.

अल्प भूधारकाकडे अनुदानाबाहेर उरणारा पाचवा हिस्सा आणि या बंधाऱ्यांचा किरकोळ खर्च त्या खोऱ्यांचे पाणी पिणाऱ्या शहरांनी उचलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डोंबिवलीचा करदाता म्हणेल की, माझ्याच नळाला पाणी बेताचे येते, वर हा भुर्दंड कशाला? तक्रार खोटी नाही. परंतु न्यूयॉर्कसारख्या व्यवहारी शहरानेही १९९० नंतरच्या दशकात कॅट्सकिल डोंगरातील शेतकऱ्यांच्या जलसंरक्षक कामांसाठी आपल्या तिजोरीतून पैसा दिला, कारण प्रचंड गाळणी केंद्र बांधण्यापेक्षा ते स्वस्त पडत होते. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी पाणीपट्टीच्या उत्पन्नातून असे एक स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे. त्यातील रक्कम तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तसलमात म्हणून सप्टेंबरअखेर पोचावी, म्हणजे ओढे वाहते असतानाच गोण्या भरता येतील, आणि पूर्वसंमती मिळालेल्या खातेदारास संचाच्या खरेदीसाठी सावकाराकडे जावे लागणार नाही.