एक वाटी पाणी

मांजराला दूध आवडतं, हे वाक्य आपण इतक्या लहानपणी शिकतो, की पुढे जन्मभर त्याची फेरतपासणी करावी असं कोणाच्या मनातही येत नाही. कुत्र्याला बिस्कीट, हे त्याचं धाकटं भावंड. माझं नम्र पण ठाम म्हणणं असं आहे, की ही दोन्ही वाक्यं आता बुडीत खात्यात टाकावीत.

बी. कॉम. झालेल्या कारकुनानं मुक्या जनावरांच्या मूत्रमार्गात नाक खुपसू नये, असं कोणी म्हणेल. पण वाचकहो, हा प्रश्न मुळात जमाखर्चाचा आहे. पाणी आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, एवढंच बघायचं. आणि आवक-जावक जुळत नाही म्हणून रात्री आठपर्यंत बँकेत बसायचा मला वीस वर्षांचा अनुभव आहे.

आता मांजराचं खातं उघडू. याचे पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातले. तिथे नळ नव्हता आणि टँकरही येत नव्हता. पाणी मिळायचं ते बहुतेक शिकारीच्या अंगातून. त्यामुळे मांजराची तहान बेताची आणि लघवी दाट. अशा प्राण्याला आपण घरात आणलं आणि कोरड्या दाण्यांवर बसवलं. कोरड्या खाद्यात पाणी 10 टक्क्यांच्या आसपास, ओल्या खाद्यात 75 ते 80. मधली तूट मांजरानं वाटीतलं पाणी पिऊन भरून काढावी अशी आपली अपेक्षा. आणि लोकांच्या अपेक्षा पुऱ्या करण्याबद्दल मांजराची कधीच ख्याती नव्हती.

लघवी दाट झाली की क्षारांचे खडे होतात. त्यांत दोन जाती मुख्य. एक स्ट्रुव्हाइट, म्हणजे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांची भागीदारी. हा खडा 1845 साली हॅम्बुर्गमध्ये ओळखला गेला आणि त्याला स्ट्रुव्हे नावाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्याचं नाव दिलं गेलं. वाट अडवून बसणाऱ्या वस्तूला सरकारी अधिकाऱ्याचं नाव द्यायचं, या सूक्ष्म विनोदाबद्दल जर्मनांना मानलं पाहिजे. दुसरा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा. पहिला योग्य आहारानं विरघळतो. दुसरा विरघळत नाही, तो काढावाच लागतो.

आमचं इस्लापूर किनवट तालुक्यातलं. पावसाळ्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा बघायला लांबून माणसं येतात. शेजारी एवढं पाणी कोसळतंय, आणि गावातल्या मांजरापुढे मात्र दूध! आमच्या शाखेतही जुन्या व्हाउचरांची बंडलं सांभाळायला एक बोका आहे. नाव ओव्हरड्राफ्ट, कारण त्याला कितीही दिलं तरी तो वर मागतोच. मागच्या उन्हाळ्यात हा गडी सकाळपासून वाळूच्या ढिगावर बसून कण्हायला लागला. उठायचा, दोन पावलं जायचा, परत बसायचा. एक थेंबही नाही.

ताबडतोब स्टाफची बैठक भरली. कॅशिअर म्हणाले, बद्धकोष्ठ, एरंडेल द्या. कर्ज विभागाचं मत पडलं, दृष्ट काढा. रांगेतल्या एका खातेदारानं सातूचं पाणी सुचवलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, "उद्या बघू." बँकेतला हा सर्वांत जुना औषधोपचार.

शेवटी शिपाईमामा पुढे आले. दहा एकर कोरडवाहू सांभाळून नोकरी करणारा माणूस. "सायेब, पोट न्हाई हे. मूत तटलंय त्याचं. आमच्या बैलाला मूतखडा झालता, तवा असंच करत होता. उद्या बगू म्हन्लं तर उद्या ऱ्हात न्हाई हे."

मामांनी बरोबर नस पकडली होती. बैलाच्या मूत्रनळीला इंग्रजी एस अक्षरासारखं वळण असतं, खडा तिथे जाऊन बसतो. बोक्याची नळी शेवटाकडे अरुंद होत जाते. तिला एवढासा खडा किंवा वाळू आणि चिकट स्रावाचा बोळाही पुरतो. वाट बंद झाली की मूत्रपिंडं थकतात, रक्तात पोटॅशियम साठतं आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडतं. बैल तटला तर सगळी वाडी धावते. बोका तटला तर लोक हसतात. माझं भांडण आहे ते या हसण्याशी.

ओव्हरड्राफ्टला पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मोटारसायकलवरून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुंगी देऊन बारीक नळी घातली, वाट मोकळी केली. मग विचारलं, "खातो काय?" स्टाफनं एकसुरात सांगितलं, "दूध-पोळी आणि चहाची बिस्किटं." "आणि पाणी?" यावर जी शांतता पसरली, ती मी एरवी फक्त ऑडिटच्या दिवशी ऐकतो.

बोका वाचला. पण आपल्याकडचे आहारतज्ज्ञ अजून मोकळे फिरताहेत, त्यांचा समाचार घेतलाच पाहिजे.

पहिला दूधपक्ष. वयात आलेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. पोट बिघडतं आणि होतं नव्हतं ते पाणीही जातं. दूध म्हणजे पाणी, हे समीकरण गवळ्यापुरतं ठीक आहे.

दुसरा सात्त्विक पक्ष. आपण शाकाहारी, म्हणून मांजरही वरण-भातावर. मांजर पक्कं मांसाहारी, मांसातलं टॉरिन त्याला लागतंच. शिवाय वनस्पतीजन्य आहारानं लघवी अल्कधर्मी होते, आणि स्ट्रुव्हाइटला हवी असते नेमकी तीच. सोवळं आपलं, खडा मांजराचा.

तिसरा आंबटपक्ष. लिंबू पिळा, अमुक चूर्ण द्या, लघवी आम्ल करा. हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय. 1980 च्या दशकात खाद्य बनवणाऱ्यांनी मॅग्नेशियम कमी केलं, लघवी आम्ल होईल अशी बेतानं सोय केली. स्ट्रुव्हाइट घटले आणि ऑक्झलेट वाढले! अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाचं केंद्र 1981 पासून असे खडे तपासतं. त्याच्या नोंदींत ही उलाढाल दिसते. तेव्हा लघवी तपासल्याशिवाय आंबट-गोड काही करू नये.

चौथा महागड्या पुडक्याचा पक्ष. त्याच्या पदरात न्याय टाकला पाहिजे. डॉक्टरांनी सांगितलेल्या खास खाद्यानं स्ट्रुव्हाइट काही आठवड्यांत विरघळतो, हे खरं. पण तटलेला बोका कोणत्याही पुडक्यानं मोकळा होत नाही. आणि कुत्र्याचं गणित निराळं. कुत्र्यांत, विशेषतः कुत्रीत, स्ट्रुव्हाइट बहुधा जंतुसंसर्गानं होतो; आधी जंतूंचा बंदोबस्त, मग आहार. डाल्मेशियनला तर यूरिक आम्लाचा दोष वंशपरंपरेनं मिळतो. त्याला प्रेमानं घातलेली कलेजी म्हणजे खड्याला दिलेलं बिनव्याजी कर्ज!

या सगळ्यांवर माझी योजना स्वस्त आहे. पाण्याची वाटी एक नव्हे, दोन-तीन; पसरट आणि खाण्यापासून दूर. पाणी रोज बदला. कोरडं खाद्य कोमट पाण्यात भिजवा. मटणाचं किंवा माशाचं पाणी द्यायचं तर मीठ, कांदा, लसूण न घालता. नुसती उकडलेली कोंबडी हा पूर्ण आहार नव्हे, हेही लक्षात असू द्या. लठ्ठपणा वाढू देऊ नका. आणि जनावर कुंथत बसलं, थेंब येईना, तर औषध न सुचवता गाडी काढा. आजच.

आमच्या जिल्ह्याला श्वानप्रेम शिकवावं लागत नाही. माहूरगडावर दत्तप्रभू, त्यांच्या पायाशी चार कुत्री. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तर कुत्र्यांचं प्रदर्शन भरतं. प्रेमाची शिल्लक भरपूर आहे. त्यातली थोडी रक्कम दुधाच्या खात्यातून काढून पाण्याच्या खात्यात वळती करा, एवढाच माझा अर्ज आहे. आणि कृपया त्यावर 'उद्या बघू' असा शेरा मारू नका.