खेळणं विकत घेणारा हमीद

माझ्या पुस्तकांच्या कपाटात वरचे दोन कप्पे गुन्ह्यांचे आहेत आणि खालचे दोन माझ्या मुलीचे. ती चार वर्षांची आहे, त्यामुळे ही वाटणी हात कुठवर पोहोचतो यावरून झाली. वर हुसेन झैदींची ‘ब्लॅक फ्रायडे’ आणि ‘डोंगरी टू दुबई’, पोलीस अधिकाऱ्यांच्या आठवणी, गाजलेल्या खटल्यांवरची पुस्तकं. खाली हत्ती, मांजरी, हरवलेले बूट आणि पावसात उलट्या झालेल्या छत्र्या. वरच्या कप्प्याचं व्यसन इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलमध्ये लागलं. आता दिवसभराचा कोड आणि मीटिंगा उरकून रात्री वाचायला जो अर्धा तास उरतो, त्यावर खालच्या कप्प्याची मालकी आहे. लहान मूल असलेल्या बहुतेक आईबापांचं वाचन असंच बदलतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते नावांबद्दल. वरच्या कप्प्यात आपली नावं पानोपानी आहेत. करीम लाला, हाजी मस्तान, दाऊद, आणि त्यांच्यामागे न संपणारी रांग. झैदींनी मेहनतीनं पत्रकारिता केली आहे, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्यांच्याच पुस्तकात वरदराजन आहे, मन्या सुर्वे आहे. पण मुखपृष्ठावर नाव आलं ते डोंगरीचं, आणि वाचकाच्या डोक्यात राहतं तेही डोंगरीच. खालच्या कप्प्यात मात्र आपली नावं शोधावी लागतात. गेली तीन वर्षं मी मराठी चित्रपुस्तकं सतत विकत घेतोय. त्यातल्या ज्या पुस्तकांत मुस्लिम मूल नायक आहे, ती एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि एखादं बोट उरेल.

यामागे कुणाचा कट आहे असं मला वाटत नाही. आमच्या धंद्यात ‘डिफॉल्ट’ नावाची गोष्ट असते. कुणीतरी कधीतरी एक किंमत भरून ठेवतो आणि पुढचे लोक ती बदलण्याची तसदी घेत नाहीत. मराठी बालपुस्तकातलं डिफॉल्ट मूल शहरातल्या फ्लॅटमध्ये राहतं, त्याला आई, बाबा, आजी, आजोबा असतात, दिवाळीची सुट्टी असते. दलित, आदिवासी, भटक्या समाजातल्या पोरांनाही या पानांवर फारशी जागा नाही, हे आपलं गाऱ्हाणं मांडताना विसरू नये.

अमेरिकेत हा हिशोब साठ वर्षांपूर्वी मांडला गेला. नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तकं तपासली. त्यातल्या फक्त ३४९ पुस्तकांत एखादं तरी काळं माणूस होतं. १९६५ साली हा लेख छापून आला आणि त्यावर मोठी चर्चा झाली. मोजणं सुरू झाल्याशिवाय काही हलत नाही. मराठी चित्रपुस्तकांचा असा हिशोब कुणी महाविद्यालयीन मुलांनी एखाद्या ग्रंथालयात बसून केला तर मला फार आवडेल. एका उन्हाळी सुट्टीचं काम आहे.

लॅरिकबाईंच्या हिशोबात एक पुस्तक वेगळं उठून दिसतं. एझरा जॅक कीट्स या चित्रकाराचं ‘द स्नोई डे’ १९६२ साली आलं आणि पुढच्या वर्षी त्याला अमेरिकेतला चित्रपुस्तकांचा सर्वात मानाचा कॅल्डेकॉट पुरस्कार मिळाला. गोष्ट अगदी साधी. पीटर नावाचा लहान मुलगा बर्फात हिंडतो, पावलांचे ठसे उमटवतो, बर्फाचा एक गोळा खिशात घालून घरी आणतो आणि तो विरघळतो. पीटर काळा आहे हे चित्रात दिसतं, मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. त्याच्यावर अन्याय होत नाही, त्याला कुणी धडा शिकवत नाही, त्याच्यामुळे कुणाचं मन बदलत नाही. बर्फ पडलाय आणि तो खेळतोय, एवढंच.

आता आपल्या वाट्याला आलेली मुलं बघा. भारतातल्या गोष्टींतला सर्वात प्रसिद्ध मुस्लिम मुलगा म्हणजे प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’मधला हमीद. खिशात तीन पैसे घेऊन जत्रेत गेलेला, मित्रांची खेळणी आणि मिठाई बघत उभा राहिलेला, आणि भाकरी भाजताना दादीचे हात पोळतात म्हणून चिमटा विकत घेणारा. गोष्ट थोर आहे, शंकाच नाही. मोठेपणी वाचताना माझा गळा दाटून येतो. पण चार-पाच वर्षांच्या पोराला तिथे दादीचा आधार व्हावं लागतं, आणि त्या शहाणपणासाठीच आपण त्याच्यावर प्रेम करतो. मला खेळणं विकत घेणारा हमीद हवा आहे. तो मातीचा भिश्ती घेईल, घरी येईपर्यंत फोडेल आणि भोकाड पसरेल. त्याचं रडणं कसं थांबलं ही पुढची गोष्ट.

हमीदनंतर आपण पुस्तकात येतो ते ईदच्या दिवशी, नव्या कपड्यांत, शीरखुर्म्याची वाटी घेऊन. नाहीतर दोस्तीचा धडा द्यायला. नीना सबनानी यांचं ‘मुकंद अँड रियाझ’ हे चित्रपुस्तक चेन्नईच्या तूलिका प्रकाशनानं काढलं आहे. फाळणीच्या वेळी कराचीत ताटातूट झालेल्या दोन मित्रांची ही गोष्ट त्यांच्या वडिलांच्या आठवणीतून आली आहे. कापडाच्या तुकड्यांची त्यातली चित्रं बघण्यासारखी आहेत. अशी पुस्तकं हवीतच. पण मुस्लिम पोरगा फक्त सलोख्याच्या कामावर नेमलेला असेल, तर त्याला सुट्टी कधी? त्याला कंटाळा यायला हवा, दात पडायला हवा, शेजारच्या मांजरीला दूध पाजून आईचा ओरडा खायला हवा.

यावर एक सोपा उपाय पुष्कळ घरांत चालतो. पुस्तकातल्या राजूचं नाव वाचताना रेहान करायचं, आजीला दादी म्हणायचं. मीही करतो, चालून जातं. पण चार वर्षांचं मूल शब्दांआधी चित्र वाचतं, आणि चित्रातलं घर काही बदलत नाही. शिवाय बदलायचं तरी काय, हाही प्रश्न आहे. चित्रकाराला मुस्लिम दादी काढायला सांगितली तर तो बहुधा बुरखा काढेल. माझी दादी सोलापूरकडच्या खेड्यातली, आयुष्यभर नऊवारी नेसली, त्याच पदरानं डोकं झाकून पाच वेळा नमाज पढली आणि ज्वारीची भाकरी थापताना दखनीत शिव्या दिल्या. गावाकडच्या कितीतरी घरांत अशा दादी-नानी होत्या, अजून आहेत. कोकणातल्या घरात वेगळी भाषा, मालेगावात वेगळी, मिरजेत आणखी वेगळी. हे घर बाहेरच्या चित्रकाराला आपोआप कसं ठाऊक असणार? ते आपल्यालाच सांगावं लागेल.

म्हणून दोष फक्त प्रकाशकांकडे ढकलणं मला पटत नाही. आपल्या वस्तीतल्या पुस्तकाच्या दुकानात जाऊन लहान मुलांचं काही मागा. दुआंची पुस्तकं मिळतील, नबींच्या गोष्टी मिळतील, अदब शिकवणारी पुस्तकं मिळतील. त्यांची जागा त्यांना असू दे, माझ्या घरातही ती आहेत. पण तीही शिकवायलाच आलेली असतात. निव्वळ हसायला, बिनकामाचं, रात्री अंगावर पाय टाकून ऐकायला असं पुस्तक आपण आपल्या मुलांसाठी क्वचितच लिहिलं. सजीवांची चित्रं काढावीत की नाहीत यावर काही घरांत आक्षेप असतो. त्यावर वाद घालण्यात मी वेळ दवडणार नाही. ज्यांना माणसांचे चेहरे नको असतील त्यांनी पतंग, सायकल, चहाची किटली यांची गोष्ट करावी. किटलीची गोष्ट कंटाळवाणीच होते असं थोडंच आहे?

आणि अब्बा लोकांनो, हे काम बायकांवर सोपवून मोबाइल घेऊन बसू नका. मोठ्यानं वाचून दाखवण्याचे फायदे आता अंदाजाचे राहिलेले नाहीत. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी शंभर चित्रपुस्तकांतले शब्द आणि आईबाप मुलांशी बोलताना वापरतात ते शब्द यांची तुलना केली. पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांची विविधता जास्त निघाली. घरात दखनी, गल्लीत मराठी, शाळेत इंग्रजी आणि मदरशात अरबी अक्षरं अशा चार भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना तर याची गरज दुप्पट. ‘मराठी कशाला वाचून दाखवतोस, इंग्रजी दाखव, पुढे कामाला येईल’ असं मला नातेवाईक सांगतात. मी मराठी वाचतो. हिचे शेजारी, दुकानदार, पुढे कधी वकील आणि पोलीसही मराठीत बोलणार आहेत. त्या भाषेत हिनं पाहुणी म्हणून का राहावं?

पोलिसांचा विषय निघालाच आहे, तर वरच्या कप्प्यातल्या एका पुस्तकाबद्दल. अब्दुल वाहिद शेख हे मुंबईतले शाळामास्तर. जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात ते नऊ वर्षं तुरुंगात होते आणि २०१५ साली निर्दोष सुटले. त्यांचं ‘बेगुनाह कैदी’ हे पुस्तक याच अनुभवाचं. त्या खटल्यात शिक्षा झालेल्या उरलेल्या बारा जणांनाही जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निर्दोष ठरवलं आणि सरकार त्या निकालाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं. चित्रपुस्तकांनी असे खटले थांबतील असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्यांच्या मुलांचा विचार मनात येतो. त्यांच्या सोसायटीत आपली घरं नाहीत, शाळेत आपली मुलं मोजकी. अस्लम हे नाव त्यांच्या कानावर पहिल्यांदा कुठून पडणार? बहुधा बातमीतून, किंवा वरच्या कप्प्यातल्या एखाद्या पुस्तकावर निघालेल्या वेबसीरिजमधून. त्याआधी वयाच्या तिसऱ्या वर्षी त्यांना एक अस्लम भेटलेला असावा, ज्याची चप्पल कुत्र्यानं पळवली होती. रुडिन सिम्स बिशप या अमेरिकी प्राध्यापिकेनं १९९० साली लिहिलं होतं की पुस्तक काही मुलांसाठी आरसा असतं आणि काहींसाठी खिडकी. आपण नेहमी आपल्या मुलांच्या आरशाबद्दल बोलतो. मला खिडकीची काळजी जास्त वाटते.

माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ माझ्या मुलीच्या सर्वात आवडत्या पुस्तकांपैकी आहे. घरातली माणसं काय करतात, यापलीकडे त्यात काही घडत नाही, आणि तरी ती ते रोज मागते. राधाच्या घराला कुणाला काही पटवून द्यायचं नाही. एवढी निवांत गोष्ट आपल्या घराचीही लिहिता येईल.

ती छापायला प्रकाशक शोधत बसायचीही गरज नाही. प्रथम बुक्सनं २०१५ साली ‘स्टोरीवीव्हर’ नावाचं व्यासपीठ सुरू केलं. ओपन सोर्स सॉफ्टवेअरसारखंच ते चालतं. तिथली पुस्तकं मोफत वाचता येतात, उतरवून छापता येतात, त्यांचं भाषांतर करता येतं, आणि तिथल्याच चित्रांवर स्वतःची नवी गोष्ट रचता येते. परवाना मुक्त आहे, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं नाव द्यायचं. मराठी आणि उर्दू दोन्ही तिथे आहेत. ज्या वाचकांना दोन्ही येतात, त्यांनी एका रविवारी उर्दूतली एक गोष्ट मराठीत आणावी. वाक्यं लहान असतात, चहा गार व्हायच्या आत पहिला खर्डा होतो. कठीण भाग पुढे येतो. ‘अम्मी’ तशीच ठेवायची की ‘आई’ करायची, ‘खाला’ला ‘मावशी’ म्हणायचं का, यावर तुम्ही अडाल. माझं मत विचाराल तर अम्मी आणि खाला तशाच राहू द्या, खाली अर्थाची टीप देऊ नका. राधाच्या आजीला कुणी टीप दिलेली नाही.