पंचेचाळीस टक्क्यांची पोथी

चीन आणि भारत यांच्या तुलनेची एक पोथी गेली कित्येक वर्षे आपल्या वैचारिक वर्तुळात वाचली जात आहे. तिचे सार एवढेच, की चीनने बांधले आणि आपण बोलत राहिलो. पुरावा म्हणून एक आकडा पुढे केला जातो. २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत चीनमधील स्थिर भांडवलनिर्मिती, म्हणजे कारखाने, रस्ते, घरे, यंत्रे यांवर वर्षभरात झालेला खर्च, देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ४५ टक्के होती. भारतात ती ३५ टक्क्यांच्या आत होती. या दहाएक टक्क्यांतून लोकशाहीचे अपयश, एकपक्षीय शिस्तीची थोरवी आणि 'आपल्या लोकांचा स्वभाव' इथपर्यंतचे सारे निष्कर्ष काढले जातात. संहिता न वाचता केलेल्या भाष्याचा हा नमुना आहे. संहितावाचन हाच आमचा व्यवसाय असल्याने अर्थशास्त्राच्या या प्रांतात पाऊल टाकण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

पहिली गोष्ट काळाची. १९८०च्या सुमारास दोन्ही देशांचे दरडोई उत्पन्न जवळपास सारखे होते, आणि तेव्हाही चीनची गुंतवणूक तीस टक्क्यांच्या आसपास तर आपली वीस टक्क्यांच्या आसपास होती. पुढे आपले प्रमाण वाढले. २००३ ते २००८ या काळात ते झपाट्याने चढून देशांतर्गत उत्पादनाच्या एक तृतीयांशावर गेले. तेव्हा दिल्लीत आघाडीचे सरकार होते, संसदेत गोंधळ होता, वृत्तपत्रे बोलत होती. बोलणाऱ्या देशाला बांधता येत नाही हे प्रमेय याच पाच वर्षांत कोसळते. पण पोथीच्या पाठकांना हे पान नेमके सापडत नाही. नंतर प्रमाण घसरले, हे खरे. वीज, पोलाद आणि महामार्ग यांतील कंपन्यांना बँकांनी हात सैल सोडून दिलेली कर्जे बुडू लागली, आणि मार्च २०१८ मध्ये बँकांच्या एकूण कर्जांपैकी ११ टक्क्यांहून अधिक थकीत होती. याचा दोष मतदाराच्या माथी मारणे ही चलाखी झाली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. टक्केवारी हा हिस्सा असतो. एकाचा वाढला की दुसऱ्याचा घटतो. चीनमध्ये गुंतवणूक ४५ टक्क्यांवर होती तेव्हा सर्व कुटुंबांचा मिळून उपभोग देशांतर्गत उत्पादनाच्या ४० टक्क्यांहूनही कमी होता; भारतात तो निम्म्याहून अधिक होता. हा फरक चिनी माणसाच्या काटकसरीतून आपोआप उगवलेला नाही. बँकेतील ठेवींवरील व्याजाला तेथे सरकारी कमाल मर्यादा होती, ती ऑक्टोबर २०१५ मध्ये उठली. तोवर ठेवीदाराला मिळाले नाही ते कर्जदाराला, म्हणजे बहुतेक वेळा सरकारी उद्योगाला, स्वस्त भांडवल म्हणून मिळाले. खेड्यातून शहरात आलेल्या कामगाराला तर हुकौ या नोंदणीपद्धतीमुळे शहरातील शाळा आणि दवाखाना यांवर पुरता हक्कच नव्हता. तोही त्या ४५ टक्क्यांत आहे, फक्त दिसत नाही.

चीनचे चाळीस हजार किलोमीटरहून अधिक लांबीचे अतिजलद रेल्वेमार्ग आम्ही नाकारीत नाही. मात्र ज्या घरात कोणी राहायला आलेच नाही तेही बांधले त्या वर्षी गुंतवणूकच ठरते. एव्हरग्रांद या महाकाय बांधकाम कंपनीचे दिवाळे काढण्याचा आदेश हाँगकाँगच्या न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिला. त्याने आधीच्या वर्षांचे आकडे खाली आले नाहीत.

आणि चाळिशीपार जाण्याची ही चीनची पहिली वेळही नव्हे. १९५९ साली, 'मोठ्या झेपे'च्या भरात, चीनच्या राष्ट्रीय उत्पन्नातील संचयाचा वाटा चाळीस टक्क्यांवर गेला होता. त्या वेळची हिशेबपद्धती निराळी होती, त्यामुळे दोन आकडे शेजारी मांडून बरोबरी करता येणार नाही. पण त्याच वर्षांत धान्य खेड्यांतून उचलले जात होते आणि कोट्यवधी माणसे उपासमारीने मरत होती. शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी हे पानही वाचावे. दुष्काळाची बातमी छापणारे वृत्तपत्र आणि त्यावर सरकारला धारेवर धरणारा विरोधी पक्ष असता तर हे इतके लांबले नसते, हा अमर्त्य सेन यांचा युक्तिवाद येथे आठवतो. पोथी ज्याला तुच्छतेने 'बोलणे' म्हणते ते हेच.

म्हणून आपले सारे आलबेल आहे असे नव्हे. आपली खरी लाज त्या ४५ टक्क्यांच्या रकान्यात सापडतच नाही. राष्ट्रीय हिशेबात शाळेची इमारत ही गुंतवणूक, तर शिक्षकाचा पगार हा उपभोग. दवाखान्याची भिंत भांडवल, परिचारिका खर्च. चीनमध्ये १९८२च्या जनगणनेत प्रौढांपैकी सुमारे दोन तृतीयांश साक्षर होते. आपल्याकडे १९८१ मध्ये हे प्रमाण दोन पंचमांशाच्या आसपास होते. ही तफावत उदारीकरणाच्या आणि उंच इमारतींच्या आधीची आहे, आणि ती ज्या खेडेगावच्या मास्तरांनी घडवली त्यांचे पगार दोन्ही देशांच्या हिशेबात उपभोगाच्याच रकान्यात पडलेले आहेत.