बाळंतपण थांबत नाही

‘तो काळच तसा होता, कोणाचाच इलाज चालेना.’ करोनाच्या साथीत उपचारांवाचून दगावलेल्या गर्भवती स्त्रियांचा विषय निघाला की, हे उद्गार हमखास कानी पडतात. चांगली सुशिक्षित माणसेही ते काढतात. साथ अटळ होती हे खरे. बंद दरवाजे अटळ नव्हते.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चार महिने लांबवता येते. बाळंतपण थांबत नाही. बाळंतिणीचा अतिरक्तस्राव आटोक्यात आला नाही, तर २ तासांतही तिचा प्राण जाऊ शकतो. शासनाला हे ठाऊक नव्हते असे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १८ मे २०२० रोजीच स्पष्ट बजावले होते की, संसर्गाची चाचणी झालेली नाही या कारणास्तव प्रसूतीसह कोणताही तातडीचा उपचार लांबवू नये. त्यानंतर १८ दिवसांनी, ५ जूनला, दिल्लीलगतच्या नोएडा येथे ८ महिन्यांच्या गर्भवतीला घेऊन तिचे नातलग १३ तास वणवण फिरले. ८ रुग्णालयांनी तिला दाखल करून घेतले नाही. रुग्णवाहिकेतच तिचा अंत झाला. वरून निघालेले परिपत्रक कोणत्या दारापर्यंत पोहोचले होते?

डॉक्टरांनाही आपला जीव असतो, हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. संरक्षक पोशाखांची टंचाई होती, परिचारिका आजारी पडत होत्या. पण त्याच दिवसांत मुंबईच्या नायर रुग्णालयात करोनाबाधित मातांची शेकडो बाळंतपणे पार पडली. तेथील डॉक्टर आणि परिचारिका काही वेगळ्या मातीच्या नव्हत्या. फरक इतकाच की, ते काम त्यांच्याकडे सोपवलेले होते. जेथे जबाबदारी कोणाची हेच ठरलेले नसते, तेथे प्रत्येकाला पुढचे दार दाखवण्याची मुभा मिळते.

आणि ही सवय करोनाने लावलेली नाही. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये आगगाडीतून पडून जबर जखमी झालेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. तो जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. पैशांची चणचण ही सबब शासनाला सांगता येणार नाही, हेही न्यायालयाने सुनावले. म्हणजे नोएडातील त्या स्त्रीचा हक्क २४ वर्षे आधीच मान्य झालेला होता!

लसीच्या बाबतीतही तीच कथा. लसीच्या मूळ चाचण्यांतून गर्भवतींना वगळले आणि मग पुरावा नाही म्हणून लसीतूनही वगळले. १६ जानेवारी २०२१ रोजी मोहीम सुरू झाली तेव्हा रुग्णसेवेत असलेल्या गर्भवती परिचारिकेलाही लस मिळू शकली नाही. गर्भवतींना ती खुली झाली २ जुलैला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली. संशोधन परिषदेच्याच पाहणीत बाधित गर्भवती आणि बाळंतिणींमधील मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत ०.७ टक्के होते, ते दुसऱ्या लाटेत ५.७ टक्के आढळले. या दिरंगाईला ‘सावधगिरी’ असे सोज्वळ नाव होते.

आपल्या समाजाच्या संस्थाही रुग्णालये चालवतात. दारी आलेल्या अडलेल्या बाईला तपासल्यावाचून परत पाठवायचे नाही, आणि पाठवावेच लागले तर दुसरीकडे खाट निश्चित करून, सोबत परिचारिका देऊन पाठवायचे, असा लेखी नियम त्यांपैकी किती ठिकाणी आहे? विश्वस्तांना हे विचारण्यासाठी पुढच्या साथीची वाट कशाला पाहायची?