आधी वाचा, मग रिसेट करा

मशीन ट्रिप झाल्यावर कंट्रोल रूममध्ये पहिल्या पाच-दहा मिनिटांत जे होतं, त्यावर पुढच्या पाच-दहा दिवसांचं काम ठरतं. लोड डिस्पॅच सेंटरचा फोन वाजतो, वरून विचारणा सुरू होते, कुणीतरी अलार्म अ‍ॅक्नॉलेज करत सुटतं, कुणीतरी मास्टर रिसेट दाबतं आणि 'परत स्टार्ट देऊन बघू' असं ठरतं. बरेचदा मशीन चढतंही. लॉगबुकात ओळ पडते : 'अमुक अलार्मवर ट्रिप. रिसेट करून सिंक्रोनाइज केले.' या ओळीत ट्रिप आहे, रिसेट आहे, कारण तेवढं नाही. पंधरा दिवसांनी तेच मशीन त्याच अलार्मवर बसतं, तेव्हा मागच्या वेळचा पुरावा पुसला गेलेला असतो. रस्त्यावरच्या अपघातातही पंचनाम्याआधी गाड्या हलवू देत नाहीत. आपण मात्र कोट्यवधींच्या मशीनची गाडी आधी हलवतो आणि मग पंचनाम्याला बसतो.

हा अंक गॅस टर्बाइन जनरेटर आणि त्यांच्या नियंत्रण यंत्रणांमधल्या दोषशोधनाला वाहिलेला आहे. त्यासाठी हीच वेळ निवडण्याला कारण आहे. आपल्याकडचे बहुतेक गॅस संच सतत चालण्यासाठी घेतले गेले. पण देशी गॅस कमी पडला, आयात एलएनजीचा दर परवडेना आणि हे संच वर्षाचा मोठा काळ थांबून राहू लागले. २०२४ च्या उन्हाळ्यात केंद्र सरकारला विद्युत कायद्याच्या कलम ११ खाली १ मे ते ३० जून या काळात गॅसवरची केंद्रं चालवण्याचे निर्देश द्यावे लागले. तेव्हा देशात सुमारे २५ हजार मेगावॉट क्षमता गॅसवर होती आणि तिचा बराच भाग थंड पडलेला होता. उरणच्या ६७२ मेगावॉटच्या केंद्रात १०८ मेगावॉटचे चार गॅस संच आणि त्यांच्या टाकाऊ उष्णतेवर चालणारे १२० मेगावॉटचे दोन वाफेचे संच आहेत. त्यातले किती फिरणार, हे मिळणारा गॅस ठरवतो.

थांबलेलं मशीन झिजत नाही, हा गोड गैरसमज आहे. हेवी ड्यूटी फ्रेम मशीनमध्ये बेअरिंगचं वंगण आणि सर्व्होचं हायड्रॉलिक तेल बहुधा एकाच टाकीतून येतं. तेल गरम असताना त्यात विरघळलेला ऑक्सिडेशनचा मळ तेल थंड झालं की बाहेर पडतो आणि व्हार्निश होऊन सर्व्हो व्हॉल्व्हच्या स्पूलवर बसतो. तीन महिन्यांनी स्टार्ट दिला की इनलेट गाइड व्हेन हलत नाहीत किंवा गॅस कंट्रोल व्हॉल्व्ह अडखळतो. स्क्रीनवर 'पोझिशन एरर' येतो आणि आपण पोझिशनचा फीडबॅक देणाऱ्या एलव्हीडीटीचं कॅलिब्रेशन करायला बसतो. फीडबॅक खरं बोलत असतो, आणि आपण त्यालाच खोटं ठरवून नवा शून्य देतो. अशा वेळी आधी सर्व्होचा करंट बघावा. तिन्ही कॉइलना मिळून नेहमीपेक्षा जास्त करंट लागत असेल, तर दोष तेलात किंवा व्हॉल्व्हमध्ये आहे. एकच कॉइल शून्यावर आणि उरलेल्या दोन जास्त ओढताहेत असं दिसलं, तर वायर नाहीतर त्या कॉइलला चालवणाऱ्या प्रोसेसरचं आउटपुट तपासावं. मल्टिमीटर लावून दहा मिनिटांत होणारं हे काम कॅलिब्रेशनच्या आधी व्हायला हवं.

वाचन म्हणजे अलार्मची यादी वरून खाली नजरेखालून घालणं नव्हे. यादीत पन्नास ओळी असतील, तर त्यातल्या पंचेचाळीस परिणाम असतात. पहिली ओळ कोणती आणि तिच्या आधीच्या काही सेकंदांत कोणता आकडा हलला, एवढं कळलं की अर्धं काम झालं. 'लॉस ऑफ फ्लेम' घ्या. हा अलार्म आला की फ्लेम डिटेक्टर काढून काच पुसणं ही प्रतिक्षिप्त क्रिया झाली आहे. पण फ्लेम जाण्याच्या आधीच स्टॉप रेशो व्हॉल्व्ह आणि गॅस कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्यामधला गॅसचा दाब खाली आला असेल, तर डिटेक्टरने आपलं काम चोख केलं; शोध गॅस लाइनमध्ये, स्ट्रेनरमध्ये किंवा स्टॉप रेशो व्हॉल्व्हमध्ये घ्यायचा. उलट फ्लेमचे सिग्नल गेले, पण ट्रिप लागेपर्यंत मेगावॉट आणि एक्झॉस्टचं तापमान जागचं हललं नसेल, तर ज्योत जळत होती आणि डिटेक्टर किंवा त्याची केबल खोटं बोलली. अलार्म दोन्हीकडे एकच, दुरुस्ती मात्र पूर्ण वेगळी.

चालू मशीनमध्येही तेच. 'मे महिन्यात लोड चढत नाही' ही तक्रार दर उन्हाळ्यात येते. इंधनाचा आदेश ठरवताना कंट्रोलर स्टार्टअप, प्रवेग, वेग, तापमान अशा अनेक मागण्यांतली सर्वांत कमी मागणी उचलतो. त्या क्षणी लगाम तापमानाच्या हातात असेल, तर गव्हर्नर खोलून काही मिळणार नाही. बाहेरची हवा तापली की ती विरळ होते आणि दर अंशामागे साधारण अर्धा ते पाऊण टक्का लोड जातो. त्याहून जास्त जात असेल तर फिल्टरवरचा दाबफरक आणि काँप्रेसरची स्वच्छता बघावी. लगाम कोणाच्या हातात आहे, हे स्क्रीनवर लिहिलेलंच असतं.

एक दोष जरा जवळून पाहू, कारण तो जवळजवळ प्रत्येक केंद्राला छळतो : एक्झॉस्ट टेंपरेचर स्प्रेड. फ्रेम ९ई मशीनला १४ दहनकक्ष असतात आणि एक्झॉस्टमध्ये वर्तुळात २४ थर्मोकपल. एखाद्या कक्षाचा नोझल चोंदला की त्याचा थंड झोत एक्झॉस्टमध्ये उतरतो. पण तो कक्षाच्या नेमका मागे पडत नाही. टर्बाइनमधून जाताना वायू पिळला जातो आणि हा पीळ लोडप्रमाणे बदलतो. त्यामुळे खरा थंड पट्टा दोन खुणा दाखवतो : तो एकट्या थर्मोकपलवर थांबत नाही, शेजारच्यांनाही ओढतो, आणि लोड बदलला की तो वर्तुळावर सरकतो. एकच थर्मोकपल खाली, शेजारी जागच्या जागी आणि लोड कमी-जास्त केला तरी पट्टा तिथेच, असं दिसलं तर नोझल खोलण्याची गरज नाही. दोष त्या थर्मोकपलच्या घरातला आहे.

त्यातही एक फसवा प्रकार आहे. ओव्हरहॉलनंतर एखाद्या थर्मोकपलच्या एक्स्टेन्शन केबलची टोकं जंक्शन बॉक्स आणि पॅनेल अशी दोन्हीकडे उलटी जोडली जातात. मशीन थंड असताना जंक्शन बॉक्स आणि पॅनेल साधारण एकाच तापमानाला असतात, म्हणून आकडा बरोबर येतो आणि कमिशनिंग शीटवर सही होते. मशीन तापलं की बॉक्स तापतो. बॉक्स ७० अंशांवर आणि पॅनेलची खोली २५ अंशांवर असेल, तर वाचन त्या ४५ अंशांच्या फरकाच्या दुप्पट, म्हणजे जवळजवळ ९० अंश खाली जातं. मग नोझल निघतात, साफ होतात, परत बसतात आणि स्प्रेड तिथेच राहतो. बॉक्सचं झाकण उघडून रंग बघितले असते तर एका शिफ्टचं काम वाचलं असतं.

आता फोर्सबद्दल. सिग्नल फोर्स करणं, जंपर टाकणं, ट्रिप बायपास करणं हे कधी लागतंच. पण त्याला तारीख, सही आणि मुदत हवी. दुर्लक्षित डायग्नोस्टिक अलार्मलाही तीच शिस्त हवी. बहुतेक पॅनेलमध्ये तीन प्रोसेसर असतात आणि तिघांतल्या दोघांचं मत चालतं. ही रचना पहिला दोष पोटात घेते आणि मशीन चालू ठेवते. तो दोष डायग्नोस्टिक अलार्म होऊन कोपऱ्यात लुकलुकत राहतो, आणि महिनाभराने दुसरा सेन्सर गेला की 'अचानक' ट्रिप होते. ती अचानक नसते. डीसी ग्राउंडचंही तसंच. १२५ व्होल्टची बॅटरी जमिनीपासून मोकळी ठेवलेली असते. दोन्ही बाजूंना साडेबासष्टच्या आसपास व्होल्ट असले की सर्व ठीक. पावसात कोकणपट्टीतल्या एखाद्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरतं, एक बाजू जमिनीला लागते, अलार्म येतो, मशीन चालूच राहतं. दुसरं ग्राउंड चुकीच्या जागी झालं, तर एखादा सोलेनॉइड नको तेव्हा सुटतो किंवा हवा तेव्हा सुटतच नाही.

दुर्लक्षित संरक्षण काय करू शकतं, याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. २५ मे २०२१ रोजी क्वीन्सलँडमधल्या कॅलाइड केंद्राच्या सी-४ या कोळशावरच्या संचात नवा बॅटरी चार्जर जोडताना डीसी पुरवठा कोसळला आणि पाठोपाठ एसीही गेला. पर्यायी स्रोताकडून डीसी आणून देणारी स्वयंचलित व्यवस्था आधीपासूनच नादुरुस्त होती. संरक्षण मुकं झालं, ब्रेकर उघडला नाही, वंगणाचे पंप थांबले आणि जनरेटर ग्रिडकडून वीज घेत मोटरसारखा अर्ध्या तासाहून जास्त फिरत राहिला. शेवटी संच फुटला. संच वाफेचा होता. पण डीसीवर आपलंही मशीन तितकंच अवलंबून असतं.

मग मागणं काय आहे? ट्रिप झाल्यावर रिसेटच्या आधी ट्रिप हिस्टरी आणि ट्रेंड बाहेर काढून ठेवा. अनेक कंट्रोलर पुढच्या ट्रिपला ती जागा पुन्हा वापरतात. याला वेळ जातो ही तक्रार खरी नाही. मशीन कोस्ट डाउन होऊन टर्निंग गिअरवर यायला जो वेळ लागतो, तो कुणीही कमी करू शकत नाही. वाचन त्या वेळात बसतं. शिफ्ट देताना अलार्मसोबत फोर्स आणि जंपरची यादीही तोंडाने सांगून द्या. कार्ड बदलायचं असेल, तर कोणत्या निरीक्षणावरून बदलतो आहोत ते आधी एका ओळीत लिहा. ती ओळ सुचली नाही, तर कार्ड कपाटातच राहू द्या. मार्क पाचसारख्या जुन्या पॅनेलची चांगली कार्डं आता सहज मिळत नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

व्यवस्थापनाकडेही एक मागणं आहे. ट्रिपनंतर किती मिनिटांत मशीन परत लावलं, याचा आकडा दर महिन्याच्या अहवालात असतो. त्याच्या शेजारी एकाच कारणाने पुन्हा झालेल्या ट्रिपचा आकडाही यायला हवा. पहिल्या आकड्यावर शाबासकी आणि दुसऱ्यावर मौन, हेच चालू राहिलं तर शिफ्टमधला माणूस रिसेटच दाबणार. त्याला दोष देऊन उपयोग नाही. आणि 'कारण सापडले नाही' ही नोंद करणाऱ्याला जाब विचारणंही बंद व्हावं. त्या भीतीपोटी 'लूज कनेक्शन टाइट केले' असं लिहिलं जातं आणि पुढचा शोध तिथेच मरतो.

पुढच्या अंकापासून आम्ही ट्रिपच्या नोंदींसाठी एक पान राखून ठेवत आहोत. पहिला अलार्म, त्याआधीचे दहा सेकंद, काय तपासलं आणि काय सापडलं, एवढं पुरे. केंद्राचं नाव नको. 'कारण सापडले नाही' असा शेवट असलेली नोंदही छापू. तुम्ही जिथे थांबलात त्याच्या पुढचा भाग दुसऱ्या एखाद्या केंद्रातल्या इंजिनिअरच्या वहीत असण्याची शक्यता बरीच आहे.